काचेबाहेरचा मुलूख

फरहान अख्तरचा 'दिल चाहता है' आणि अल्फोन्सो क्वारोनचा मेक्सिकन सिनेमा 'इ तू मामा ताम्बिएन' हे दोन्ही २००१चे. मी तेव्हा बालवाडीच्या वयाची. पहिला पुढे घरच्या टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिला, दुसरा इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून. दोन्हींत शहरातली पोरं गाडी काढून समुद्राकडे निघतात. पहिल्यात मुंबई ते गोवा हा अख्खा रस्ता एका गाण्यात संपतो. मर्सिडीज आहे, वारा आहे, मोकळा रस्ता आहे; त्या रस्त्याच्या कडेला कुणी राहत असेल असं मात्र वाटत नाही. त्या गाण्याने आमच्या पिढीला 'गोवा प्लॅन' नावाचा आजार दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाणं अजूनही आवडतं. पण मित्रांच्या सहलीवरचा सिनेमा म्हटला की मी क्वारोनकडे जाते, आणि त्याचं कारण पैसा आहे.

गोष्ट साधी आहे. तेनोच बड्या राजकारण्याचा मुलगा. हुलिओच्या घरी आई नोकरी करून संसार ओढते. एका लग्नात दोघं लुईसाला, म्हणजे तेनोचच्या चुलतभावाच्या स्पॅनिश बायकोला, 'बोका देल सिएलो' नावाच्या समुद्रकिनाऱ्याच्या बाता मारतात. असा किनारा त्यांना माहीत नसतो, नाव तिथल्या तिथे रचलेलं. काही दिवसांनी ती म्हणते, चला, न्या मला. मग हुलिओच्या बहिणीची जुनी स्टेशन वॅगन, सुपरमार्केटातून भरलेलं सामान आणि ओआहाकाच्या दिशेने जाणारा, तिघांनाही अनोळखी रस्ता. सिनेमाची ख्याती त्यातल्या उघड्या लैंगिकतेमुळे झाली, आणि हॉस्टेलवर तो फिरत होता तोही त्याचसाठी, हे लपवण्यात अर्थ नाही.

मला मात्र त्यातला आवाज लक्षात राहिला. गाडीत दंगा चाललेला असताना मधेच सगळा आवाज बंद होतो. पोरांची तोंडं हलत राहतात, ऐकू काही येत नाही. मग निवेदक बोलू लागतो, पंचनामा वाचून दाखवावा तसा. सुरुवातीला शहरात ट्रॅफिक तुंबतो. दोघांना वाटतं, निदर्शनं असतील. निवेदक सांगतो की एका गवंड्याला बसने उडवलंय. पादचारी पूल फार लांब होता, म्हणून तो कामाला जाताना रस्त्यातून आडवा निघाला होता. पुढे एका ठिकाणी सांगतो की दहा वर्षांपूर्वी हे इथून गेले असते तर कोंबड्यांनी भरलेल्या गाडीचा अपघात दिसला असता. आवाज परत येतो, गाडी पुढे गेलेली असते.

ही युक्ती प्रत्येक वेळी जमत नाही. तंबूत घुसलेल्या डुकरांचं पुढे काय होणार याचा तपशील मला निवेदकाची हौस वाटते. सगळं माहीत असलेल्या माणसाने थोडं कमी सांगावं. पण तेपेल्मेमे या गावाची पाटी येते ती जागा मी कितीदा पाहिली असेल सांगता येत नाही. तेनोचला लहानाचं मोठं केलेली लिओ ही बाई या गावची. तेराव्या वर्षी ती पोट भरायला शहरात आली. चार वर्षांचा होईपर्यंत तो तिलाच आई म्हणायचा. तेनोच पाटी वाचतो आणि गप्प बसतो. शेजारी जिवलग मित्र आहे, त्यालाही सांगत नाही. अनोळखी मुलखातलं एक गाव त्याच्या ओळखीचं निघालं, आणि ती ओळख सांगण्यासारखी त्याला वाटली नाही.

इथे क्वारोन माझ्या मते बहुतेक रोड मूव्हींच्या पुढे जातो. स्वस्तातली सहल म्हणजे काही दिवसांची गरिबी, असा समज असतो. कळकट लॉज, ढाब्यावरचं जेवण, अंगाला धूळ, आणि आपण 'खरा देश' पाहिला. हा सिनेमा विचारतो, स्वस्त कुणामुळे? रस्त्याकडेच्या एका खानावळीत तिघं टेबलाशी बसलेले असताना एमान्युएल लुबेझ्कीचा कॅमेरा कंटाळल्यासारखा उठतो आणि एका बाईच्या मागे सरळ स्वयंपाकघरात जातो. बायका कामात आहेत. निवेदक इथे बोलत नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग त्याच्या सगळ्या माहितीपेक्षा सरस आहे. उलट 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'त स्पेनचा ग्रामीण भाग हा नायकांनी भीती घालवावी म्हणून मांडलेलं साहित्य आहे. तिथल्या स्वयंपाकघरात कॅमेऱ्याला काही काम नसतं.

आणि पैसा फक्त गाडीबाहेर नाही. निवेदक सहज सांगून टाकतो की तेनोचच्या घरी संडासला गेल्यावर हुलिओ वास जावा म्हणून काडी ओढतो, आणि हुलिओच्या घरी तेनोच कमोडची सीट पायाने उचलतो. मैत्रीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी फार कमी वाचलं किंवा ऐकलं आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं भाड्याच्या अल्टोने पुण्याहून भंडारा-गोंदियाकडे गेलो होतो, धानाची कापणी चालू असताना. काँट्री अॅपवर. पेट्रोलपासून चहापर्यंत प्रत्येक खर्चाचे चार समान भाग. आमच्यातला एक जण दर महिन्याला गावी पैसे पाठवतो. लॉज निवडताना तो नेहमी 'काहीही चालेल' म्हणतो. अॅपमध्ये त्याला वेगळा रकाना नाही. मी असली सॉफ्टवेअर बनवूनच पोट भरते, तरी तो रकाना कसा करावा हे मला सुचत नाही.

एक आक्षेप घेता येईल: गावची माणसं इथेही मुकीच आहेत, त्यांच्याबद्दल निवेदक बोलतो. खरं आहे. तरीही चुयसाठी मी हा आक्षेप अर्धा मागे घेते. थापेतला तो किनारा अखेर खरोखर सापडतो, तिथे हा कोळी तिघांना होडीतून फिरवतो, त्याची बायको-पोरं भेटतात, दिवस सुखात जातो. तेवढ्यात निवेदक त्याचं भविष्य सांगतो. इथे मोठं हॉटेल होईल, त्याला घर सोडावं लागेल, पर्यटकांना होडीतून फिरवायचा धंदाही बाहेरून आलेले हिसकावतील, शेवटी तो त्याच हॉटेलात झाडलोट करेल आणि पुन्हा कधी मासेमारी करणार नाही. हे ऐकताना पडद्यावर सगळे मजेत आहेत. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी वीस वर्षांच्या अंतराने तोच किनारा पाहिला आहे त्यांना हे भविष्य ऐकून नवल वाटणार नाही. तिघांपैकी कुणी दुष्ट नाही. ते फक्त पहिले आलेत.

सहलीनंतर वर्षभराने दोघं योगायोगाने भेटतात आणि कॉफीला बसतात. मधल्या काळात २०००ची निवडणूक होऊन ७१ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरलेला आहे. लुईसा कॅन्सरने गेली, सहलीनंतर महिनाभरातच, हे तेनोच सांगतो. निघतानाच तिला आजार ठाऊक होता. बोलण्यासारखं फार उरलेलं नाही. तेनोच घाईने उठून जातो. निवेदक सांगतो, ते पुन्हा भेटणार नाहीत. हुलिओ टेबलाशी एकटा, आणि तो बिल मागवतो.