कायद्यात कात आहे, कातकरी नाही

जगातील जंगले धोक्यात आहेत, हे आता शाळकरी मुलालाही पाठ झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार पृथ्वीवर ४०६ कोटी हेक्टर जंगल उरले असून २०१५ ते २०२० या काळात दरवर्षी सुमारे १ कोटी हेक्टर जंगल तुटत गेले. आकडे खरे आहेत, काळजीही खरी आहे. परंतु हा धोका कोणापासून, असा प्रश्न आला की आपल्याकडील सुशिक्षितांचे बोट डोंगरावरच्या वाडीकडे वळते. पेण किंवा रोह्याच्या बाजारात मोळी विकायला आलेली कातकरीण त्यांना जंगलाची वैरीण वाटते. असे बोट दाखवायला त्यांना कोणी शिकवले, याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे. कारण हे शिक्षण दोन प्रकारच्या लिखाणाने दिले आहे. एक सरकारचे, दुसरे साहित्यिकांचे.

प्रथम सरकारचे लिखाण पाहू. १९२७ चा भारतीय वन अधिनियम अद्याप अमलात आहे. त्याचा हेतू सांगणारे शब्द वाचले तर जंगल जगवण्याची भाषा तिथे आढळत नाही. आढळते ती वनोपजाच्या वाहतुकीची आणि लाकडावरील कराची. वनोपज म्हणजे काय, हे सांगताना हा कायदा कात मोजतो, कोळसा मोजतो, मध आणि मेणही मोजतो. खैराच्या गाभ्यातून कात पाडणारा तो कातकरी. ज्या धंद्यावरून एका जमातीला नाव मिळाले, त्या धंद्याचा माल कायद्यात नोंदला गेला; माणसाची नोंद मात्र नाही. तो या कायद्याच्या पानांत येतो तो बहुतेक वेळा आरोपी म्हणून.

याची सुरुवात १८७८ च्या वन कायद्यापासूनच झाली होती. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला लागणारा राब तोडणे हेही वादाचे कारण झाले. ठाणे-कुलाब्यातील लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. तरीही जाच संपला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तो याच जिल्ह्यात. कातावर निर्बंध आल्यावर कातकरी ठेकेदाराची उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर गेला. जंगल तुटले, कुऱ्हाड त्याच्या हातात होती हेही खरे. पण ठेका त्याचा नव्हता, कोळसा त्याचा नव्हता, आणि नफा तर नव्हताच. आज दिवाळीनंतर तो बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो. उचल तीच आहे.

याच सरकारने कुलाबा जिल्ह्यात कातकरी आणि ठाकर यांच्या गटांना जंगलातील उतारांवर नाचणी-वरी करण्यासाठी तुकडे दिले होते. त्यांना 'दळी' म्हणतात. हे औदार्य नव्हते. जंगल खात्याला हाताशी मजूर हवे होते. मजुराची गरज सरली तेव्हा दळी कसणारा अतिक्रमणदार ठरू लागला. भाषेतला फरक पाहण्यासारखा आहे. कारखान्यासाठी, धरणासाठी किंवा खाणीसाठी जंगलाची जमीन दिली तर कागदावर ती 'वळती' केली जाते. आदिवासीने त्याच डोंगरावर नाचणी पेरली तर ते 'अतिक्रमण'! मोजणीतही हाच न्याय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत १ हेक्टर जमिनीवर १० टक्के वृक्षछाया असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडे कसली, हे विचारले जात नाही. म्हणजे फार्महाऊसभोवतीची आमराई वनात जमा होऊ शकते, आणि उघड्या उतारावरची दळी मात्र वनाचे नुकसान म्हणून दिसते. मुरूड आणि रोहा तालुक्यांतील फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. नवाबाची बंदूक गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण 'राखीव' हा शब्द गेला नाही, आणि तो कोणाविरुद्ध राखीव, हा प्रश्नही नाही.

आता साहित्यिकांचे लिखाण. पेणच्या वाटेवरील कर्नाळ्याच्या सुळक्याच्या मुलखातील ठाकरांवर गो. नी. दांडेकरांनी 'जैत रे जैत' ही कादंबरी १९६५ साली लिहिली. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट काढला. दांडेकरांनी ठाकरांची बोली, ढोल आणि भगत यांच्याकडे आस्थेने पाहिले, हे मान्य केलेच पाहिजे. त्या काळच्या पांढरपेशा मराठी कादंबरीत ही आस्था दुर्मिळ होती. परंतु नाग्याचा झगडा कोणाशी आहे? राणीमाशीशी! लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उठवून तो जैत मिळवतो आणि त्याची किंमत चिंधीच्या मरणाने मोजतो. शोकांतिका म्हणून हे प्रभावी आहे. पण ज्या मधासाठी ठाकर कड्यावर जीव टांगतो, तो मध कायद्याने वनोपज आहे. त्याचा भाव कोण ठरवतो, परवाना कोण देतो, डोंगराचा मालक कोण, हे प्रश्न या शोकांतिकेच्या मुळाशी जात नाहीत. आदिवासीचे दुःख निसर्ग आणि दैव यांच्यात वाटले गेले की व्यवस्था निर्दोष सुटते. कायद्याने माणूस गाळला. साहित्याने माणूस घेतला, पण त्याचा शत्रू गाळला.

१९८७ साली वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह आला आणि आदिवासी स्वतः मराठीत बोलू लागला. त्याआधी त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्याची तपासणी आपण पुरेशी केलेली नाही. दलित साहित्याने गावकूस, पाणवठा, झोपडपट्टी यांना वाचा दिली; जंगल मात्र निसर्गवाचकांकडे सोडून दिले. हे आपल्याला परवडणारे नाही. महाडही याच जिल्ह्यात आहे. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न पाण्यापुरता नव्हता. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूवर हक्क कोणाचा, असा तो होता. १९३७ साली त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, तेही याच प्रश्नाच्या पोटी. योगायोग असा, की ज्या वर्षी महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी हा वन अधिनियम आला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रथमच कबूल केले. जुने पट्टे आणि दिलेल्या जमिनी मालकी हक्कात बदलण्याची वाट त्यात आहे. दळीसाठी ती मोलाची आहे. रायगडात सर्वहारा जन आंदोलन, श्रमिक क्रांती संघटना यांच्यासारख्या संघटनांनी ही लढाई वाडीवाडीवर नेली. परंतु जंगलावर जगणाऱ्या दलिताला हाच कायदा वेगळा माप लावतो. आदिवासी नसलेल्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहत असल्याचे सिद्ध करायचे आहे. ज्यांच्या आज्याच्या नावाचा कागद खोताच्या दप्तरात कधी तयारच झाला नाही, त्यांनी तो कुठून आणावा? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत कागदाची दहशत काय असते, हे देशभरच्या पाड्यांना कळले.

आणि तरीही या कायद्याच्या नियमांत एक क्रांतिकारक गोष्ट आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांची जबानी लिहून घेतली तर ती पुरावा ठरते; उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. ज्यांना हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्यांचा तोंडी शब्द येथे पुराव्याच्या पंक्तीला बसला आहे. अधिकारी तरीही कागदच मागतात, कारण त्यांचे शिक्षण जुन्या लिखाणावर झाले आहे.

म्हणून पेण-रोह्याच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी वाड्यांवर जावे ते लोकगीते गोळा करायला नव्हे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून कोणती दळी कोणाची, राब कुठून येई, खैर कोणी तोडला, ठेका कोणाचा होता, हे शब्दशः उतरवावे आणि ग्रामसभेपुढे ठेवावे. ते साहित्य आहे की पुरावा, हा वाद समीक्षकांनी पुढे खुशाल घालावा. जंगलाचे व्यवस्थापन कसे करावे हे जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. ते कोणी करावे, याचे उत्तर त्या जबान्यांत आहे.