एका आडव्या रेघेची गोष्ट

मंडळी, पेणमध्ये उभा राहून जपानी यंत्रमानवांवर बोलतोय म्हणून हसू नका. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’चा सव्विसावा, शेवटचा भाग २७ मार्च १९९६ला टीव्ही टोकियोवर लागला. त्यात अवाढव्य यंत्रांची लढाई नाहीच. कोरा पांढरा पडदा, आणि त्यात शिंजी, नुसता रेषांचा. हे पूर्ण स्वातंत्र्य, असं त्याला सांगतात. पण करायचं काय, ते त्याला कळेना. मग खाली एक आडवी रेघ येते. झाली जमीन! आता वर-खाली आलं, चालता आलं, आणि तेवढं स्वातंत्र्य गेलं.

वेळ उरला नाही म्हणून दिग्दर्शक हिदेआकी अन्नोने पेन्सिलची कच्ची चित्रं, फोटो, मिळेल ते जोडलं, अशी टीका होते. वेळ कमी होता, खरंच आहे. पण इथल्या कारखान्यांत तुम्ही कच्च्या मूर्ती रोज बघता. डोळ्यांची आखणी झाली की शाडू आपल्याकडे बघायला लागतो. अन्नो उलटा जातो. पंचवीस भाग आपल्याकडे बघणारा मुलगा तो पुन्हा कागदावरची पेन्सिल करून टाकतो. अहो, याला धैर्य लागतं!

माझी तक्रार टाळ्यांबद्दल आहे. शेवटी सगळे भोवती उभे राहून ‘अभिनंदन’ म्हणतात. इतका भेदरलेला पोरगा एवढ्यात सावरला? मला नाही पटत. जुलै १९९७च्या चित्रपटात अन्नोने शेवट पुन्हा सांगितला, फार भयंकर करून. रोह्याहून आलेल्या मुलांनी मघाशी विचारलं, आधी काय बघायचं? मालिकाच. आणि पहिल्या भागापासून.