स्पोर्ट ट्रायल वाचताना : 'फरक नाही' म्हणजे नक्की काय?

'मणक्यात गॅप पडलाय, नस दबतेय' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यामागचा प्रश्नही ठरलेला असतो : ऑपरेशन करायचं की थांबायचं? याला पुरावा काय असं विचारलं की एका अमेरिकन अभ्यासाचं नाव पुढे येतं. स्पाइन पेशंट आउटकम्स रिसर्च ट्रायल, म्हणजेच 'स्पोर्ट'. सरकलेल्या चकतीवरचा त्याचा पेपर नोव्हेंबर २००६ मध्ये 'जामा' या जर्नलमध्ये आला. जर्नल क्लबमध्ये तो बहुधा एका ओळीत उरकला जातो : "ऑपरेशन आणि बिगर-ऑपरेशन यांत फरक आढळला नाही." माझं म्हणणं असं की ही ओळ त्या पेपरमधून निघतच नाही. का निघत नाही, ते आज पाहू.

आधी पेपरची जमेची बाजू. नुसत्या एमआरआयवरून नस दबल्याचं निदान होत नाही. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली! म्हणून स्पोर्टने तीन गोष्टी जुळल्यावरच रुग्ण घेतले : किमान सहा आठवडे पायात उतरणारी कळ, तपासणीत नसेच्या मुळावर ताण किंवा दोष असल्याची खूण, आणि त्याच बाजूला, त्याच पातळीवर एमआरआयसारख्या चित्रात दिसणारी सरकलेली चकती. आपल्या सिनॉप्सिसमध्ये 'समावेशाचे निकष' लिहिताना हा नमुना डोळ्यांसमोर ठेवा.

आता अडचण. ११ राज्यांतल्या १३ केंद्रांमध्ये ५०१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. पण माणसं कागदावरच्या गटात राहत नाहीत. दोन वर्षांनी पाहिलं तर ऑपरेशन गटातल्या फक्त ६० टक्के लोकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं आणि दुसऱ्या गटातल्या ४५ टक्के लोकांनीही ते करून घेतलं होतं.

म्हणजे दोन गटांमध्ये ऑपरेशनचा प्रत्यक्ष फरक किती राहिला? ६० वजा ४५, फक्त १५ टक्के. खताच्या प्रयोगासारखं समजा. खताच्या शंभर वाफ्यांपैकी साठांनाच खत मिळालं आणि बिनखताच्या शंभरांपैकी पंचेचाळीस वाफ्यांतही ते पडलं. आता दोन्हीकडचं पीक सारखं आलं म्हणून खताला दोष देणार का? सोपा हिशोब करू. ऑपरेशनने प्रत्येकाला २० गुणांचा जादा फायदा होतो असं क्षणभर गृहीत धरलं, तरी गटांच्या सरासरीत दिसणार फक्त ३ गुण. मुख्य मोजमापांमध्ये मूळ वाटणीप्रमाणे केलेल्या तुलनेत फरक छोटे आले आणि सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरले नाहीत, यात म्हणूनच नवल नाही. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लेखकांनी स्वतः बजावलंय की इतक्या अदलाबदलीमुळे या तुलनेवरून कोणताही उपचार सरस किंवा समान म्हणता येणार नाही. ते वाक्य वाचणारे गाळतात!

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्यक्ष उपचारानुसार गट पाडले की ऑपरेशनचा मोठा फायदा दिसतो, तोच खरा धरू म्हणतात. पण गट बदलणारे लोक सारखे नव्हते. ऑपरेशनकडे वळलेल्यांचा त्रास मुळात जास्त होता, ऑपरेशन टाळलेल्यांचा कमी. असे गट पाडले की रँडमायझेशन मोडलं. शिवाय आपल्यावर काय उपचार झाला हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि वेदनेचे गुण देणाराही तोच. तेव्हा हा आकडा वापरा, पण अर्ध्या विश्वासाने.

माझी खरी टीका प्रश्नाच्या मांडणीवर आहे. 'ऑपरेशन की नाही' असा सामना लावला, पण कळ सोसणारा माणूस संशोधकासाठी दोन वर्षं थांबत नाही. नेदरलँड्समध्ये झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. ६ ते १२ आठवडे सायटिका असलेले २८३ रुग्ण, आणि प्रश्न : लवकर ऑपरेशन, की आधी थांबून गरज पडली तर नंतर? थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन केलंच. स्पोर्टमध्ये अशी अदलाबदल हा दोष ठरतो, इथे मात्र ती योजनेचाच भाग आहे. त्यामुळे उत्तरही कामाचं मिळालं. वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते, पण बरं वाटायला लागलेला मध्यक काळ एकीकडे ४ आठवडे, दुसरीकडे सुमारे १२.

हातावर पोट असलेल्या माणसाला हे आठ आठवडे म्हणजे दोन महिन्यांची मजुरी. ज्याला रजा मिळते आणि ऑपरेशनची धास्ती वाटते, तो थांबू शकतो. 'फरक नाही' या ओळीने दोघांचीही निवड झाकली जाते. आणि एक लक्षात असू द्या : लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणं, असे रुग्ण स्पोर्टमध्ये घेतलेच नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लागू नाही, त्यांनी तातडीने रुग्णालय गाठायचं.

तर मित्रहो, असा पेपर हातात आला की अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधला निष्कर्ष वाचण्याआधी रुग्ण कुठून कुठे गेले तो आराखडा उघडा. मूळ गटात किती राहिले ते मोजा, गेलेले कोण होते ते बघा. आणि स्वतःच्या प्रस्तावात प्रश्न लिहिताना विचारा : माणसं गट बदलणार हे मला आधीच दिसतंय का? दिसत असेल तर त्याला प्रश्नातच जागा द्या.