अलंकार आणि पर्याप्ती : दिवेआगरच्या संदर्भात गृहसजावटीच्या भाषेचा विचार

(१)

वर्षाखेर जवळ आली की गृहसजावटीच्या आगामी प्रवृत्तींची भाकिते प्रसिद्ध होऊ लागतात. येत्या वर्षी भिंतींना कोणता रंग शोभेल, बैठक उंच असावी की सखल, कापड सुती असावे की तागाचे, यांविषयीचे हे लेखन आता मराठी नियतकालिकांच्या पुरवण्यांतूनही नियमाने आढळते. अमेरिकेतील पॅन्टोन या रंगसंस्थेने २००० सालापासून ‘वर्षाचा रंग’ निवडण्याची प्रथा सुरू केली. २०२५ साठी तिने ‘मोका मूस’ नावाचा तपकिरी रंग निवडला. अशा निवडींचे पडसाद काही आठवड्यांतच सर्वत्र उमटतात. हे लेखन क्षणिक म्हणून समीक्षेने दुर्लक्षिलेले आहे. परंतु ज्या भाषेत माणसे आपल्या घराविषयी विचार करतात ती भाषाच जर या लेखनातून घडत असेल, तर तिची परीक्षा करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

या लेखनाचे पहिले लक्षण त्याच्या वाक्यरचनेत आहे. त्यातील वाक्ये भविष्यकाळी असून त्यांत मनुष्यकर्ता बहुधा नसतो. भिंती मातकट होतील, बांबू परतेल, जुन्या वस्तूंना मान मिळेल, अशी ती विधाने असतात. भिंत कोण रंगवणार, बांबू कोण तासणार, जुनी वस्तू कोणाच्या घरातून येणार, हे वाक्यात कोठेच येत नाही. ऋतू बदलावा तशी अभिरुची आपोआप बदलते, असा आभास त्यातून निर्माण होतो. दुसरे लक्षण असे की, या भाकितांत गेल्या काही वर्षांपासून नैसर्गिक साहित्य, सखल बैठक, हातकाम आणि ‘पारंपरिक स्पर्श’ यांचा घोष चालू आहे. भविष्य म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा कोकणातील जुन्या घराचे वर्णन वाटावे असे असते. तेव्हा ही भाकिते अशाच एखाद्या गावासमोर ठेवून पाहणे उपयुक्त होईल. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे असे गाव आहे.

(२)

शके ९८२ (इ. स. १०६०) मधील मराठी ताम्रपटामुळे दिवेआगर भाषाभ्यासकांस परिचित आहे. ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग. गावाच्या नावातच त्याची उपजीविका सांगितलेली आहे. येथील घर आणि वाडी ही दोन नव्हेत. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दारी विहीर व वाडी, असा कोकणी घराचा सर्वसाधारण क्रम. अंगण मोकळे असते, कारण तेथे सुपारी वाळत घालावयाची असते. माळा असतो, कारण पावसाळ्याची बेगमी कोरडी राहावयाची असते. पडवीचे छप्पर खाली उतरलेले असते, कारण पाऊस तिरपा येतो. मोकळेपणा, उंची, सावली यांना येथे कारणे आहेत.

१९९७ च्या नोव्हेंबरात एका वाडीत गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला आणि प्रवाशांचा ओघ गावाकडे वळला. २०१२ च्या मार्चमध्ये तो मुखवटा चोरीस गेला. परंतु समुद्रकिनारा आणि वाडीतील निवास यांचे आकर्षण उरलेच. राहती घरे अंशतः निवासगृहे झाली, काही वाड्यांत स्वतंत्र खोल्या उठल्या. पाहुण्यासाठी घर ‘सजविणे’ हे त्यानंतर घरधन्याचे एक कामच होऊन बसले. आगामी प्रवृत्तींचे लेखन आणि जुने घर यांची गाठ पडते ती येथे.

(३)

जुन्या घरातील वस्तूंची नावे क्रियापदांवाचून सांगता येत नाहीत, आणि ही क्रियापदे बहुधा जोडीने येतात. पाट मांडतात आणि उचलतात. सतरंजी अंथरतात आणि गुंडाळतात. अंथरूण घालतात आणि काढतात. दिवा लावतात आणि मालवतात. अडसर घालतात आणि काढतात. जोडीतील पहिले क्रियापद वस्तूला कामास लावते, दुसरे तिला विश्रांती देते. त्यामुळे एकच माजघर दुपारी भोजनगृह, रात्री शयनगृह आणि प्रसूतीच्या वेळी बाळंतिणीची खोली होऊ शकत असे. मराठीत या व्यवस्थेला नाव होते ते ‘मांडणी’चे, आणि जे मांडले ते मोडता आले पाहिजे, हे त्या शब्दात गृहीत होते.

‘फर्निचर’ या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुजला नाही, याचे कारण येथेच शोधावे लागते. फ्रेंच व पोर्तुगीज भाषांत या वस्तूंना जे शब्द आहेत त्यांचा मूळ अर्थ ‘हलविण्याजोगे’ असा आहे. मराठी घरात मात्र खरोखर हलणाऱ्या वस्तूंना वेगळे वर्गनाम लागले नाही. आणि फर्निचर म्हणून जे आले ते एकदा ठेवले की जागचे हलेनासे झाले. खाटेला बाज म्हणून उभी करता येत असे, पलंगाला ते जमत नाही. नव्या वस्तूंना ‘ठेवणे’ किंवा ‘लावणे’ एवढे एकच क्रियापद पुरते. जोडीतील दुसरे क्रियापद उरत नाही.

आता निवासगृहातील सजावट पाहावी. तांब्याचा बंब अंगणात ठेवून त्यात रोप लावलेले असते. कंदिलात विजेचा दिवा असतो. जाते प्रवेशद्वारापाशी असते. या वस्तूंची नावे टिकली आहेत, किंबहुना पाहुण्यांच्या तोंडी ती पुन्हा येऊ लागली आहेत. परंतु बंब पेटत नाही, कंदिलाची वात वर होत नाही, जात्याचा खुंटा हातात येत नाही. तिघांनाही ‘ठेवलेले आहे’ हे एकच क्रियारूप लागू पडते. वस्तू सजावट होते म्हणजे काय, याचे भाषिक उत्तर हे आहे : तिचे नाम उरते आणि क्रियापद गळते. उलटपक्षी, काही वस्तू नाहीशा होऊनही त्यांचे क्रियापद बोलण्यात राहते. ज्यांच्या घरी खुंटी नाही तेही एखादे काम खुंटीला टांगतात.

(४)

एवढ्यावरून जुन्या घराचा गौरव करून थांबणे ही समीक्षा नव्हे. दोन आक्षेपांचा विचार केलाच पाहिजे.

पहिला आक्षेप ‘परंपरे’च्या वयाविषयी आहे. ज्या तांबड्या चपट्या कौलांना आज परंपरेचे चिन्ह मानतात ती मंगळुरी कौले कारखान्यात तयार झालेली आहेत. बाझेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे १८६५ मध्ये तो कारखाना काढला. त्यापूर्वी नळीची कौले आणि गवती छप्परे होती. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी, पडदा फारसी, चावी पोर्तुगीज. आणि संस्कृतात दाराच्या फळीचा वाचक असलेला ‘कपाट’ शब्द मराठीत दारे असलेल्या पेटाऱ्याचा वाचक झाला. घर हे सतत नवे स्वीकारीत आलेले आहे. म्हणून नवेपणा हा दोष ठरत नाही. मंगळुरी कौल परकेपणाने आले नाही, ते ‘शाकारणे’ या जुन्या क्रियेत सामील झाले. पावसाळ्यापूर्वी कौले चाळली जात होती, फुटके कौल बदलता येत होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मांडणे, उचलणे, अंथरणे, सारवणे, दळणे या क्रियापदांचा कर्ता कोण होता? बहुतेक वेळी ती घरातील स्त्री होती. ओटीवरील झोपाळा ज्यांच्या विश्रांतीसाठी होता आणि माजघराच्या अंधारात ज्यांचा दिवस जात होता, त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती होत्या. ‘सारवणे’ हे क्रियापद गेले याचे दुःख सारवणाऱ्या हातांना झाले असेल असे मानण्यास आधार नाही. फरशी, नळ आणि विजेची चक्की यांनी जी क्रियापदे घालविली ती जाणे इष्टच होते. यास्तव ‘क्रियापद टिकले तर सजावट चांगली’ असा सरसकट नियम करता येत नाही. प्रश्न असा विचारावा लागतो की, क्रियापद गेले तेव्हा कष्ट गेले की केवळ कर्ता दिसेनासा झाला? निवासगृहात पाहुण्यांसाठी उकडीचे मोदक वळणारे, चादरी धुणारे हात अजून आहेतच. आगामी प्रवृत्तींच्या वाक्यांत तेवढे ते नाहीत.

(५)

मग निकष कोणता? तो मराठीने संस्कृतातून घेतलेल्या ‘अलंकार’ या शब्दातच आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकृत करणे म्हणजे पुरेसे करणे, कार्यास योग्य करणे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ मधील अलंकरणविषयक निबंधात या मूलार्थाकडे लक्ष वेधले आणि अलंकार म्हणजे वरून जोडलेली शोभा हा अर्थ मागाहून आला असे प्रतिपादिले. दिवेआगरच्या रूपनारायणाच्या शिलाहारकालीन मूर्तीभोवती दशावतार कोरलेले आहेत. ते काढून टाकले तर मूर्ती कमी सुशोभित होईल असे नव्हे. ती कमी सांगेल. पाटाभोवतीची रांगोळीही अशीच : ती पान कोठे मांडावयाचे हे दाखविते, जेवणाऱ्याचा मान सांगते आणि पंगत उठल्यावर पुसली जाते. या अर्थाने अलंकार म्हणजे पर्याप्ती होय.

या निकषाची कसोटी ३ जून २०२० रोजी लागली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन परिसरातील पोफळी व नारळी मोठ्या संख्येने आडव्या झाल्या, घरांची छप्परे उडाली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत काही वर्षे जातात. छप्पर मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वी हवे असते. अशा वेळी कौलाऐवजी पत्रा घालणाऱ्यास अभिरुचिहीन म्हणता येणार नाही; त्याने ‘अलम्’ केले. परंतु पत्र्याखाली दुपारी उकाडा होतो, पावसात बोलणे ऐकू येत नाही, म्हणजे ते पुरेसे अजून व्हावयाचे आहे. त्याखाली बांबूचे किंवा झापांचे आच्छादन घालावे काय, वारा वर कोठून जाईल, वादळात काय टिकेल, हे खरोखर आगामी प्रश्न आहेत. नैसर्गिक साहित्याचा पुरस्कार करणाऱ्या लेखनाने वस्तुतः येथे यावयास हवे होते. ते पाहुण्यांच्या खोलीतील बांबूच्या दिव्यापाशी थांबते.

याउलट, शहरांतील लहान सदनिकांत भिंतीत मिटणारे पलंग आणि घडीची मेजे येत आहेत. ही प्रवृत्ती परंपरेचे नाव घेत नाही, तिचे साहित्यही बहुधा कृत्रिम असते. तथापि उघडणे आणि मिटणे ही क्रियापदांची जोडी तिने पुन्हा आणली आहे. मांडणी या जुन्या शब्दाशी तिचे नाते, रोप लावलेल्या बंबापेक्षा अधिक जवळचे आहे.

गृहसजावटीच्या भाकितांवर म्हणून एवढीच अट घालावी की, त्यांनी आपल्या वाक्यांना कर्ता द्यावा. बांबू परतेल असे म्हणताना तो कोण तोडील, कोण विणील आणि कोणाच्या डोक्यावर तो सावली धरील, हे सांगावे. असे वाक्य लिहिणे कठीण आहे. परंतु दिवेआगरात सुपारी वाळत घालण्यासाठी मोकळे ठेवलेले अंगण तेच वाक्य शतकानुशतके बोलत आलेले आहे.