चितळाच्या डोळ्यांनी आखलेला रस्ता

भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशी समृद्धी महामार्ग संपतो. ५ जून २०२५ला इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचे ७०१ किलोमीटर सलग झाले. गोदामांच्या या मुलखात रस्त्याची थोरवी ट्रकच्या वाचलेल्या तासांत मोजतात. पण या रस्त्यावरची सर्वांत देखणी कारागिरी चालकासाठी नाहीच.

वन्यजीवांसाठीचे ओव्हरपास पाहा. खालून जाताना वाटते, आणखी एक पूल. वर मात्र डांबर नाही, माती आहे. मातीत गवत, झुडपे. कडेच्या भिंती गाड्यांचा आवाज आणि रात्रीचे झोत अडवतात. काळविटासारख्या माळावरच्या प्राण्याला डोक्यावर छत सोसत नाही, आभाळ लागते, हे इथे ओळखले आहे. एप्रिल २०२२मध्ये नागपूरजवळच्या अशाच एका बांधकामाधीन पुलाच्या कमानींचे अपघातात नुकसान झाले, तेव्हा २ मेचे ठरलेले लोकार्पण पुढे गेले. जनावरांच्या वाटेसाठी माणसांचा महामार्ग थांबला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या शैलीचा अभिजात नमुना मात्र पेंचच्या जंगलाजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४४वर आहे. न्यायालयीन झगड्यानंतर, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने तिथे रस्त्याखालून वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्गिका झाल्या. सर्वांत लहान ५० मीटरची, सर्वांत मोठी तब्बल ७५० मीटरची. ७५०चा हा आकडा नीट वाचायला हवा. तिथे जनावरासाठी रस्त्याला भोक पाडलेले नाही. रस्ताच उचलून खांबांवर ठेवला आहे आणि जंगल खालून अखंड गेले आहे. अभियंते यासाठी एक गुणोत्तर मांडतात: मार्गिकेची रुंदी गुणिले उंची, भागिले पार करायचे अंतर. ते जितके मोठे, तितका पलीकडचा उजेड स्पष्ट. चितळ आधी तो उजेड शोधते. अंधाऱ्या पोकळीत दबा धरलेला शत्रू असू शकतो, हे त्याच्या रक्तातच आहे. तळाला फरशी नाही, रानातलीच माती आहे. वर कठड्यावर आवाज आणि प्रकाश रोखणारे पत्रे आहेत. २०१९मध्ये इथल्या कॅमेऱ्यांनी १८ प्रजाती टिपल्या. वाघ ८९ वेळा दिसले, तेही ११ वेगवेगळे. एखादा धीट वाघ चुकून गेला असेल, ही शंका त्या अकरांनी मिटवली. अनेकांनी ही वाट आपली मानली होती. याहून नेमकी दाद कोणत्या स्थापत्याला मिळाली असेल!

भिवंडीकरांना आणखी जवळचे उदाहरण बुलेट ट्रेनचे. तिचा एक डेपो याच तालुक्यात, अंजूर-भरोडीला. मुंबईकडून येताना ही गाडी ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून येणार आहे. वर फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. प्रकल्पासाठी तोडायच्या खारफुटीचा आकडा सुमारे ५३ हजारांवरून सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्याला परवानगी दिली. तोडीच्या पाचपट लागवडीचे आश्वासनही आहे, पण त्याने मी भारावत नाही. रोपे लावणे तुलनेने सोपे. माझी दाद जाते ती बुलेट ट्रेनच्या ठाणे स्थानकाचा आराखडा पुन्हा मांडून वाहनतळ खारफुटीबाहेर सरकवणाऱ्या हाताला.