टिळकांच्या घरातलं पाणी

मराठीत ख्रिस्ती श्रद्धा शोधायची म्हटलं की आपण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग काढतो. शाळेत त्यांची कविता पाठ करताना ‘रेव्हरंड’ म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. ते जणू त्यांचं पहिलं नाव! अभंग गोड आहेत, वादच नाही. पण तुकोबा देवाशी जसे भांडतात, तसं भांडण इथे क्वचितच ऐकू येतं. मला विचाराल तर ते भांडण लक्ष्मीबाईंच्या गद्यात आहे. स्वयंपाकघरात आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाचेक वर्षांनी. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे परत आल्या खऱ्या, पण सोवळं सुटलं नव्हतं. घर एक, धर्म दोन, आणि सीमा कुठे? तर पाण्याच्या घागरीपाशी. ‘स्मृतिचित्रे’त त्यांचं मन पालटतं तेव्हा कुणी प्रवचन देत नाही, चमत्कार होत नाही. माणसामाणसांतला हा भेद देवाचा नव्हे, असं त्या एकट्याच विचार करून ठरवतात. आणि ठरलं की ठरलं, कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा नंतर. हा क्रम नीट लक्षात घ्या. आधी जात गेली, मग धर्म बदलला.

आणि आपली समीक्षा काय म्हणते? ‘किती भाबड्या, किती विनोदी!’ अहो, त्या हसवतात म्हणून त्या विचार करत नाहीत असं थोडंच आहे? त्यांचा विनोद बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. त्याच विनोदातून त्या कळीची गोष्ट सांगतात, आणि आपण हसण्यात ती ऐकतच नाही.

बाहेर लोकांपुढे जाताना दोघांनीही कीर्तन हाताशी धरलं. त्या काळी गावोगाव गर्दी खेचणारा प्रकार तोच. श्रोत्यांना त्याची वळणं पाठ. ओवीचंही तसंच. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीच ओवीत छापलं गेलं होतं. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर घरीच झाली, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. बहुतेक अध्याय त्यांचेच. तरी ते टिळकांचं काव्य म्हणूनच ओळखलं जातं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी ते उघडलंय?