तिसरं पेडल आणि अस्सलपणाचा दावा

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर पुस्तक नाहीतर चित्र येतं. आज आपण एका कृतीची समीक्षा करू. जुन्या, नावाजलेल्या मोटारीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा आणि तिथे क्लचवाला, हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स बसवायचा, ही ती कृती. अमेरिकेत हे काम इतकं रुळलंय की त्यासाठी लागणाऱ्या सामानाचे तयार संच मिळतात. मालकाचा दावा साधारण असा असतो, की गाडी आता खरी झाली. हा 'खरी' शब्द आपल्याला तपासायचा आहे.

उदाहरण घेऊ फोर्ड मस्टँगचं. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. मूळ किमतीत मिळायचा तो तीन गिअरचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक हवा असेल तर वर जादा पैसे. म्हणजे १९६५ सालची ऑटोमॅटिक मस्टँग आज कुणाकडे असेल, तर तिच्या पहिल्या मालकाने तिसरं पेडल नको म्हणून पैसे मोजले होते. आजचा मालक ते पेडल परत आणण्यासाठी पुन्हा पैसे मोजतो आणि त्याला 'मूळ रूप' म्हणतो. पण या गाडीचं मूळ रूप तेच होतं, जे तो काढून टाकतोय!

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते बघा. ब्रेकचं रुंद पेडल जातं, दोन अरुंद पेडलं येतात. टॉर्क कन्व्हर्टर आणि त्याला धरणारी पातळ चकती निघते, तिथे जड फ्लायव्हील बसतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला छोटं बुश ठोकावं लागतं. बेलहाउसिंग, क्लचचे दांडे, गिअरबॉक्सखालचा आडवा आधार हे सगळं बदलतं. लागल्यास मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टही कापून आखूड करावा लागतो. २८९ इंजिनाला २८ औंस असमतोलाचंच फ्लायव्हील लागतं. ऐंशीच्या दशकातल्या इंजिनाचं ५० औंसवालं चुकून बसलं, की सारी गाडी थरथरते. आणि पुष्कळ जण बसवतात तो टी-५ नावाचा पाच गिअरचा बॉक्स. १९६५ साली फोर्डच्या कुठल्याच मस्टँगमध्ये पाचवा गिअर नव्हता. मग अस्सलपणाचा दावा दोन्हीकडून लंगडा पडतो.

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, की रथ म्हणजे नेमकं काय, चाक का आस? तो प्रश्न इथे फार ताणू नये असं आम्हाला वाटतं. सुटे भाग बदलल्याने गाडी 'ती' राहते की नाही, हा वाद न संपणारा आहे. इथला घोळ वेगळा आहे. 'अस्सल' हा शब्द आपण दोन गोष्टींना लावतो: एक वस्तूला, दुसरा अनुभवाला. चालवणाऱ्याला अनुभव जिवंत वाटतो, हे खरं. पण तेवढ्यावरून वस्तू अस्सल ठरत नाही.

बरं, तो अनुभव तरी किती निर्भेळ? १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं. त्याआधी गिअर बदलताना दातऱ्यांचा वेग ड्रायव्हरलाच जुळवावा लागे; चुकला की करकर आवाज. ते कसब यंत्राने तेव्हाच काढून घेतलं. म्हणजे आजचा 'शुद्ध' मॅन्युअलसुद्धा अर्धा ऑटोमॅटिकच. रेघ कुठे ओढायची, हे आपल्या सवयीने ठरतं. आपली पिढी पद्मिनी नाहीतर अँबॅसेडरच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरवर आणि हाफ क्लचवर वाढली, म्हणून आपला कल आपोआप तिकडे. हा कल ओळखून बोलावं. ऑटोमॅटिकला 'आळशांचा गिअर' म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं, की दुसऱ्या महायुद्धात पाय गमावून परतलेल्या कित्येक अमेरिकन सैनिकांना याच गिअरमुळे पुन्हा गाडी चालवता आली.

तर मग करूच नये का? असं आम्ही म्हणत नाही. गाडी ही चालवण्याची वस्तू आहे, संग्रहालयातली मूर्ती नव्हे. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिची ट्यूरिन सनद याबाबत शहाणी आहे. बदल करावाच लागला, तर तो नजरेत न भरणारा आणि परत फिरवता येण्याजोगा असावा; काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबर जपावेत, असा तिचा रोख आहे. म्हणून आमच्या मते या कामाची कसोटी गाडी पळते कशी ही नसून तीन साध्या गोष्टी आहेत. पहिली, जुना गिअरबॉक्स भंगारात गेला का? दुसरी, मूळ गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते. ती वायर नुसती जोडून टाकली, तर गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच उडी मारते. तिथे क्लचचा स्विच बसवला का? तिसरी, ड्रायव्हरच्या दारावरची पट्टी. तिच्यावर गिअरबॉक्सचा आकडा असतो: ६ म्हणजे ऑटोमॅटिक, ५ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल. तो ६ तसाच राहू दिला का?

शेवटची कसोटी सगळ्यात कडक. गिअरबॉक्स बदलणं ही आवड झाली. पट्टी बदलणं ही फसवणूक, कारण पुढचा गिऱ्हाईक तीच वाचून पैसे मोजणार. मालकाने खुशाल तिसरं पेडल बसवावं, घाटात मनसोक्त गिअर टाकावेत. फक्त गाडी विकताना सांगावं, की हे मी केलंय. तेवढं सांगितलं, तर आमची त्या कामाबद्दल तक्रार नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ.